सिदोनीमावशीचं छोटं पिंप

खालून मोटारीने आमच्या गावात येणारा प्रत्येक पाहुणा मला एकच प्रश्न विचारतो. "तेओद्युल, तुमच्या त्या जुन्या वाइनबरोबर काय खायचं हो? मासा चालेल का?" माझं डोकं सणकतं. अहो, आमच्या दरीत मासा कुठून आला? वर बर्फ, खाली दगड, मधे गाई. पण मी हसतो, कारण चिडलो की बायको आंजेलिन टेबलाखालून लाथ मारते.

सण असो, लग्न असो, गावसभा असो, आमच्या गावात चीज खरवडायचा मान माझा आहे. अर्धी कापलेली ढेप निखाऱ्यासमोर धरायची, वरचा थर मऊ होऊन ओघळायला लागला की सुरीने तो बशीत ओढायचा, आणि समोरचा "बास" म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही. तेव्हा वाइनबरोबर काय खायचं, यावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजतो. नव्या वाइनबरोबर वितळलेलं चीज खा, उकडलेले बटाटे खा, काय वाटेल ते खा. जुन्या पिंपातल्या वाइनला मात्र वितळलेलं काही चालत नाही. तिला राय धान्याचा वाळलेला पाव लागतो, वाऱ्यावर सुकवलेल्या मांसाची कागदासारखी पातळ कापं लागतात, आणि रंध्याने तासावं इतकं म्हातारं चीज लागतं. हे मला सिदोनीमावशीने शिकवलं. चौथी गोष्टही तीच सांगायची. "आणि गप्प बसणारा माणूस लागतो रे तेओ. तेवढा तू नाहीस."

सिदोनी माझ्या आईची चुलत बहीण, म्हणून माझी मावशी. पण गावात तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. बुटकी, रुंद, डोक्याला काळा रुमाल, कमरेला निळा एप्रन, आणि त्या एप्रनच्या नाडीला गावघराच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, तळघराची किल्ली. ती किल्ली चालताना तिच्या मांडीवर आपटायची. आवाज आला की आम्ही पोरं भिंतीवरून उड्या मारून पळायचो, कारण मावशीला दिसलेल्या पोराला काम मिळायचंच.

किल्ली तशी तिची नव्हे. ती तिच्या नवऱ्याची, तळघर सांभाळणाऱ्या सिप्रियेनची. गावघराच्या तळघरात गावाचं मोठं पिंप आहे, लार्च या डोंगरी झाडाच्या लाकडाचं, काळं पडलेलं. ते कुणी आणि कधी बसवलं हे कुणालाच ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे असं वाटतं तो खोटं बोलतो. खाली सिएर शहराजवळच्या उतारांवर आमच्या गावाचे द्राक्षमळे आहेत. दर शरदात तिथली नवी वाइन खेचरांवरून वर यायची, पुढे बासरी आणि ढोल, मागे सगळं गाव. पिंपातून वर्षभरात जेवढी प्यायली गेली आणि जेवढी लाकडाने शोषली, तेवढी नवी वरून घालायची. पिंप कधी रिकामं करायचं नाही, कधी धुवायचं नाही. त्यामुळे आत किती वर्षांच्या वाइन एकमेकींत मुरल्यात, हे देवच जाणे. बाटलीत ती भरत नाहीत, उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. प्यायची तर तिथेच, पिंपाशेजारी उभं राहून, लाकडी पेल्यातून.

पहिल्यांदा मला ती मिळाली तेव्हा मी विशीतला दांडगा गडी होतो. मावशीने पेला दिला, पावाचा तुकडा दिला आणि म्हणाली, "आधी चाव, मग घोट घे." मी घेतला. अक्रोडाची साल, राळ, कडवटपणा, आणि मग मागून कुठूनतरी मधासारखं काहीतरी, आणि ते काहीतरी जाईचना. मी मावशीकडे पाहत राहिलो. माझ्या पणज्याने घातलेली वाइन माझ्या तोंडात होती. मला एकदम रडूच आलं, खोटं कशाला सांगू! मावशी म्हणाली, "आता कळलं ना? चल, पेला विसळ."

सिप्रियेन गेला तेव्हा किल्ली दुसऱ्या घराकडे जायला हवी होती. त्याचा चुलतभाऊ उर्बेन तयारच बसला होता. उंच, सरळ, मिशांना मेण लावणारा, पुढे कितीतरी वर्षं गावचा प्रमुख राहिलेला माणूस. नवऱ्याची माती आटोपून मावशी सरळ तळघरात गेली आणि पिंपाभोवतीचे लोखंडी पट्टे पुसायला लागली. उर्बेन मागोमाग.

"वहिनी, किल्ली."

"कसली किल्ली भावजी?"

"अगं, पिंपाची. बायकांच्या हाती पिंप राहिल्याचं या दरीत कुणी ऐकलंय का?"

"तुम्ही आता ऐकलंत की. तो झाडू द्या इकडे."

उर्बेनने झाडू दिला. देताना त्यालाही कळलं नाही आपण काय करतोय ते. तेव्हापासून किल्ली मावशीच्या एप्रनला राहिली ती राहिलीच, आणि उर्बेनच्या मनातही ती तेवढीच वर्षं सलत राहिली. दर सभेत तो म्हणायचा, "वहिनींच्या हातून पिंपाला काही झालं, तर मी बघतोच." मावशी म्हणायची, "बघा हो, बघायला काय पैसे पडतात?"

आता छोट्या पिंपाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्ही घरांची पांढरी वाइन एकत्र करतात. सिदोनीच्या माहेरच्या मळ्यात रेझ जातीची द्राक्षं, आंबट, हडकुळी, पण म्हातारपणी देखणी होणारी. सिप्रियेनच्या घरची उमान्य जातीची, मऊ आणि समजूतदार. कुणाची किती घालायची यावरून दोन्ही विहिणी भांडतात, ते भांडण झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. त्या मिश्रणाने दोन छोटी पिंपं भरतात, एक नवऱ्याचं, एक बायकोचं. शेजारी चीजची एकेक ढेप ठेवतात. ही वाइन आणि हे चीज ज्याचं त्याच्या मरणासाठी. आपल्याला पुरायला आलेल्यांना आपणच वाढायचं, दुसऱ्याच्या दारात मागायला लावायचं नाही. जिवंतपणी त्या पिंपाला कुणी हात लावत नाही. आणि तो माणूस गेला की त्याच दिवशी आलेल्यांनी पिंप संपवायचं, थेंब ठेवायचा नाही. एकदा भरलं ते भरलं. नवरा-बायकोच्या लग्नाच्या वर्षाची वाइन परत कुठून आणणार? ज्याच्या मयताला पिंप नसेल, त्याला आमच्यात "कोरडा गेला" म्हणतात. घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढी ती लाज आहे.

सिप्रियेनचं पिंप त्याच्या मयताला संपलं. मावशीचं तिच्या घरच्या तळघरात, दगडी ओट्यावर. शेजारी तिची ढेप. दर आठवड्याला ती खाली जाऊन मिठाच्या फडक्याने ढेप पुसायची, उलटी करायची आणि तिच्याशी गप्पा मारायची. मी स्वतः ऐकलंय. "काय गं, गुडघे दुखतात का तुझे? माझे दुखतात. पण अजून घाई नाही हो आपल्याला." मग पिंपावर दोन टिचक्या मारून वर यायची. स्वतःच्या मरणाची इतकी मजेत उठबस करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग ती थंडी पडली. मे महिन्यात, द्राक्षाला कोंब फुटलेले असताना, एका रात्रीत सगळे उतार काळे पडले. त्या वर्षी खेचरं जवळजवळ रिकामी वर आली. पुढच्या वर्षी परत तेच झालं, आणि खेचरं खाली गेलीच नाहीत. बासरी नाही, ढोल नाही. मावशीने तळघराला कुलूप लावलं आणि जाहीर केलं, "नवी वाइन येईपर्यंत कुणाला थेंब मिळणार नाही. पाद्रीबाबांनाही नाही."

पण लाकूड काही कुणाचं ऐकत नाही. लाकूड पीत राहतं. पिंपात वाइन खाली गेली की वर हवा शिरते, आणि हवा शिरली की वाइनचा सिरका व्हायला वेळ लागत नाही. एके दिवशी मावशीने मला खाली नेलं, पिंपाच्या खांद्यावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. वरचं बूच काढून म्हणाली, "नाक घाल." मी घातलं. सगळा ओळखीचा वास होता, अक्रोड, राळ. पण त्याच्या कडेला सुईसारखं काहीतरी टोचत होतं.  आमच्या आजोबा-पणजोबांचं सगळं त्या एका पिंपात होतं, आणि ते आंबायला लागलं होतं.

"मावशी, नदीतले गोटे धुऊन घालूया का? वाइन वर येईल." माझ्या बापाने त्याच्या पिंपात असं केलं होतं.

"तुझ्या बापाचं पिंप केवढं, हे केवढं! आणि घातलेले गोटे या एवढ्याशा तोंडातून काढणार कोण, तुझा बाप?" ती ओरडली. मग पिंपाला टेकून खाली बसली. मावशीला बसलेलं मी क्वचितच बघितलं होतं. म्हणाली, "तेओ, माझ्या हातात असताना हे नासलं, तर मी सिप्रियेनला तोंड कसं दाखवू रे?"

सभेत उर्बेनने टेबलावर मूठ आपटली. "खालच्या मैदानी मुलखातून चांगली पांढरी वाइन विकत आणू आणि भरू. पांढरी ती पांढरी!"

 विकतची वाइन त्या पिंपात म्हणजे काय, हे उर्बेनलाही कळत होतं. पण दुसरा मार्ग कुणाला दिसत नव्हता. मावशी उठली. "भावजी, या पिंपात आजवर आपल्या उताराबाहेरचा एक मणी गेलेला नाही. तो मी जाऊ देणार नाही."

"मग सिरका पाजणार आहेस पोरांना?"

"मला नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत मुदत द्या."

"आणि त्या दिवशीही पिंप अपुरंच असलं तर?"

"तर विकतची ओता, आणि किल्ली तुमची."

उर्बेनने मिशीवरून हात फिरवला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सेंट मार्टिनच्या दिवशी चर्चमधून सगळं गाव थेट तळघरात उतरलं. मावशीने बूच काढलं आणि बाजूला झाली. माप घ्यायची काठी उर्बेनने स्वतः आत घातली. हळूच बाहेर काढली. काठी वरपर्यंत ओली होती.

मला अजून ते तळघर दिसतं. मेणबत्त्या, लोकांच्या तोंडाची वाफ, आणि ती ओली काठी.  म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. उर्बेनने काठी हुंगली, मग बोट लावून चाखलं. आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. विकतची असती तर त्याने तिथेच थुंकली असती. त्याने पेला मागितला, भरला, घोट घेतला, आणि डोळे मिटले. ती आमचीच होती. टोचणी गेली होती. उलट मागून येणारा तो मध पूर्वीपेक्षा जास्त रेंगाळत होता.

"वहिनी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "कुठून आणलीस?"

"चोरली नाही."

"ते नाही विचारलं."

"मग पिंपालाच विचारा. मी बाईमाणूस, मला काय कळतंय?"

लोक हसले, आणि हसता हसता पेले पुढे आले. मी पाव कापत होतो. पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात, येशूने जिथे पाण्याची वाइन केली त्या काना गावच्या लग्नाचा विषय काढला, तो उगीच नव्हे. उर्बेन मात्र प्रवचनाने गप्प बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तो मावशीच्या घरी गेला. तिच्या तळघरात उतरून तिच्या छोट्या पिंपावर टिचकी मारली. भरलेल्या पिंपाचा येतो तसा जाड आवाज आला. आजूबाजूच्या घरी विचारपूस केली, तिथेही कुणी तिला वाइनचा एक पेला दिलेला नव्हता. अखेर त्याने हात टेकले. पुढल्या वर्षी द्राक्षं आली, ढोल वाजले, आणि ती गोष्ट गावात चमत्कार म्हणून राहिली.

मी तिला बरेचदा विचारलं. गवत कापताना, पाव भाजताना, तिच्या गाईच्या बाळंतपणात. "मावशी, मला तरी सांग."

"तुला सांगितलं म्हणजे सांगायचं राहिलंच कोण?"

शरद आला की एक गोष्ट मात्र ती न चुकता करायची. गावच्या झऱ्यावरून पाण्याच्या बादल्या भरून स्वतःच्या तळघरात न्यायची. गुडघे गेलेले, जिना उभा, तरी कुणाला हात लावू द्यायची नाही. मी चिडवायचो, "मावशी, तळघरात गाय बांधलीय का?"

"पिंपाचं लाकूड सुकू नये म्हणून पाणी लागतं रे. तू आपली सुरीला धार लाव."

मी सुरीला धार लावायचो.

तिचं जाणं असंच, ती बादल्या खाली नेल्यानंतर थोड्याच दिवसांनी झालं. आदल्या दिवशी अंगणात बसून तिने आंजेलिनला मांसाला मीठ कमी पडल्याबद्दल झाडलं होतं. सकाळी उठली नाही. चेहरा असा होता, जसं काही कुणी विनोद सांगतंय आणि ती शेवट ऐकायला थांबली आहे.

आम्ही तिला सिप्रियेनशेजारी ठेवलं आणि तिच्या घरी परतलो. सारं गाव आलं होतं, पलीकडच्या धारेवरून तिच्या माहेरचेही आले होते. ढेप मी तळघरातच, पिंपाशेजारच्या टेबलावर आणली. लग्नाच्या वर्षाची ढेप, म्हणजे माझ्याहून वयाने मोठी. वरून काळी, आतून जुन्या मेणासारखी पिवळी. सुरी शिरेना. मी रंधा घेतला आणि तासायला लागलो, आणि पातळ पातळ सालं बशीत पडू लागली. वास दारापर्यंत गेला. 

पिंप उघडायचा मान नवऱ्याच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याचा. उर्बेन आता काठी टेकत चालायचा, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण मेण होतं. त्याने पिंपाला तोटी ठोकली, खाली पेला धरला आणि फिरवली.

पाणी आलं.

स्वच्छ, नितळ पाणी. लाकडी पेल्याचा तळ दिसत होता. उर्बेनने तोटी बंद केली, परत उघडली. पाणीच. मागून कुणीतरी कुजबुजलं, "कोरडी गेली. मावशी कोरडी गेली." तिच्या माहेरची एक बाई रडायला लागली. माझ्या हातातला रंधा तसाच राहिला. मला जिना दिसला, बादल्या दिसल्या, दर शरदातल्या. रिकामं पिंप सुकून तडकतं, आणि टिचकी मारली तर आवाज पोकळ येतो. मला सगळं एकदम कळलं.

उर्बेनलाही कळलं होतं. तो ओट्यावर बसला. 

"सेंट मार्टिनला काठी मीच घातली होती," तो म्हणाला. "वरपर्यंत ओली आली. तुम्ही सगळे होतात. ती हिची होती. हिची लग्नाची वाइन. हिने आपलं मरण त्या पिंपात ओतलं, आणि मी इथे येऊन टिचक्या मारून गेलो."

मग माझ्या शेजाऱ्याचा थोरला म्हणाला, "मी धावत जाऊन आमच्याकडची आणतो. पाहुणे बसलेत."

"खाली बस!" उर्बेन ओरडला. तो आवाज आम्ही कैक वर्षांत ऐकला नव्हता. "मेलेल्या माणसाच्या पिंपात जे असेल ते त्याच दिवशी संपवायचं. हा नियम आहे की नाही?"

"आहे," मी म्हणालो.

"थेंब ठेवायचा नाही. आहे की नाही?"

"आहे."

"मग तेओ, चीज वाढ."

मी वाढलं. प्रत्येकाला राय पावाचा तुकडा, सुकं मांस, चीजची चार सालं. आंजेलिनने पेले भरले. एवढ्या वर्षांत मी किती लोकांना ठासून सांगितलंय की या चीजला ती वाइनच लागते, दुसरं काही चालणार नाही. त्या दिवशी मी ते पाण्याबरोबर खाल्लं. चीज इतकं खारट, इतकं जुनं होतं की जिभेवर सगळं एका जागी थांबून राहिलं, आणि वरून ते थंडगार पाणी गेलं. आणि मागून, अगदी मागून, अक्रोडाची साल. लाकडात मुरलेली असेल. कदाचित नसेलही, मलाच वाटलं असेल. मी शपथेवर सांगत नाही. पण मी आंजेलिनकडे पाहिलं आणि तीही माझ्याकडेच पाहत होती. इतका थक्क मी आयुष्यात कधी झालो नाही, त्या पहिल्या घोटालाही नाही.

गाव पाणी प्यायलं. पेल्यामागून पेले, वाइन प्यावी तसं, उभं राहून, एकमेकांकडे पेला उंचावून. पाद्रीबाबांनी तीनदा मागून घेतलं. म्हातारी माणसं मधेच बाहेर जाऊन आडोशाला मोकळी होऊन यायची आणि परत रांगेत उभी राहायची. कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि मावशीच्या गोष्टी निघाल्या: झाडूची, पाद्रीबाबांना थेंब न देण्याची, गुडघे दुखणाऱ्या ढेपेची. शेवटी उर्बेनने पिंप दोन्ही हातांनी वाकडं केलं आणि उरलेलं आपल्या पेल्यात घेऊन एका दमात संपवलं.

तिची किल्ली टेबलावर होती, एप्रनच्या नाडीसकट. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. या किल्लीसाठी त्या माणसाने जन्मभर वाट पाहिली होती. त्याने ती उचलली, हातात वजन केल्यासारखी धरली.

"माझं छोटं पिंप घरी आहे," तो म्हणाला. "भरलेलं आहे. त्या वर्षीही भरलेलं होतं. मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही."

मग तो काठी टेकत आंजेलिनपाशी गेला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. आंजेलिनने ती एप्रनला बांधली, आणि पेले विसळायला घेतले.